पाऊस, प्रिन्स आणि मार्चिंग १००: एका मध्यंतराचा प्रकरण अभ्यास

४ फेब्रुवारी २००७. फ्लोरिडातल्या मियामी गार्डन्सचं डॉल्फिन स्टेडियम, ४१वा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा वार्षिक अंतिम सामना, इंडियानापोलिस कोल्ट्स विरुद्ध शिकागो बेअर्स. फेब्रुवारी म्हणजे तिथला कोरडा महिना, तरी त्या दिवशी पाऊस लागला तो लागलाच. सामना चालू असताना असा पाऊस पडण्याची सुपर बोलमधली ती पहिलीच खेप. मध्यंतराला गायक-गिटारवादक प्रिन्स गाणार होता आणि त्याच्या साथीला टॅलहासीच्या फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा ‘मार्चिंग १००’ हा संचलन करत वाजवणारा बँड मैदानात उतरणार होता.

त्या बारा मिनिटांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक प्रिन्स, त्याची गिटार आणि पाऊस या तिघांवर. बँडच्या वाट्याला एखादी ओळ येते. इथे मला त्या ओळीपासून सुरुवात करायची आहे. कारण हाच बँड १२ जानेवारी १९६९ला मियामीतच, ऑरेंज बोल मैदानावर, तिसऱ्या सुपर बोलच्या मध्यंतरातही होता. तेव्हा आसपासच्या शाळांचे बँड धरून सगळा कार्यक्रम बँडचाच होता. ३८ वर्षांनी बँड तोच, शहर तेच, सामनाही त्याच मालिकेतला, पण मैदान दुसऱ्याचं. स्टेडियममधला मध्यंतराचा शो आणि संचलनाची कला यांची मांडणी कुठे जुळते आणि कुठे फाटते, ते पाहायला याहून सोयीचं उदाहरण मला माहीत नाही.

मध्यंतर बँडच्या हातून कसं गेलं

सुपर बोलचा पहिला सामना १५ जानेवारी १९६७ला लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये झाला. मध्यंतराला ॲरिझोना आणि ग्रॅम्बलिंग या दोन विद्यापीठांचे बँड होते, सोबत ट्रम्पेटवादक अल हर्ट. कॉलेज फुटबॉलमध्ये मध्यंतर म्हणजे बँड हे ठरलेलंच होतं, तीच रीत इथे आली आणि बरीच वर्षं टिकली. बँड बदलायचे, विषय बदलायचा. मैदान मात्र मोकळं असायचं आणि ते भरायची माणसं.

खरा धक्का बसला १९९२मध्ये. मिनियापोलिसच्या सामन्याला हिवाळ्याच्या थीमवरचा एक गोडगोड कार्यक्रम ठेवला होता, बर्फावरचे स्केटरसुद्धा त्यात होते. नेमक्या त्याच वेळेला फॉक्स वाहिनीने आपल्या विनोदी मालिकेचा खास भाग लावला आणि प्रेक्षक चॅनल बदलून तिकडे गेले. लीगने धडा घेतला. पुढच्या वर्षी, १९९३ला, पॅसाडेनाच्या रोझ बोलमध्ये मायकेल जॅक्सन उभा राहिला आणि मध्यंतर एका बड्या कलाकाराचं झालं ते कायमचं. २००४मध्ये ह्यूस्टनला जॅनेट जॅक्सनच्या पोशाखावरून जो गदारोळ झाला, त्यानंतर आयोजकांनी पॉल मॅकार्टनी (२००५) आणि रोलिंग स्टोन्स (२००६) अशी जुनी, खात्रीची नावं निवडली. प्रिन्स त्या रांगेत बसणारा नव्हता. सामन्याच्या तीन दिवस आधीच्या पत्रकार परिषदेत ‘आता मी काही प्रश्न घेतो’ असं म्हणत त्याने थेट गिटार छेडली आणि प्रश्न न घेताच तीन गाणी वाजवून तो निघून गेला.

बँड कोण होता

‘मार्चिंग १००’ची बांधणी केली विल्यम फॉस्टर यांनी, १९४६पासून. नावात शंभर असले तरी बँड पुढे त्याच्या कित्येक पट वाढला. फॉस्टरनी लष्करी कवायतीच्या चौकटीत दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे वेगाची टोकं: मिनिटाला तीनशेच्या वर पावलं टाकणारी धाव, आणि पाऊल हवेतच थबकलंय असं वाटावं इतकी संथ चाल. दुसरी गोष्ट नाच. रेडिओवर गाजणारं गाणं बँडने वाजवायचं आणि वाजवणाऱ्यांनीच त्यावर नाचायचं. मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत गुडघा वर, पायाचा चवडा खाली ताणलेला, वाद्य मात्र जागचं हलत नाही. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतल्या बँडची जी शैली आज ओळखीची आहे, तिच्यात फॉस्टर यांचा वाटा फार मोठा. टॅलहासीच्या ब्रॅग मेमोरियल स्टेडियममध्ये मध्यंतराला खाण्याच्या रांगेत जाऊन उभा राहणारा माणूस विरळाच. लोक बँडसाठी जागा धरून बसतात.

म्हणजे पॉप शो आणि संचलन या दोन वेगळ्या जगांची २००७ला पहिल्यांदा गाठ पडली असं समजण्याचं कारण नाही. पॉप गाणं, सामुदायिक नाच आणि मैदान हे त्रिकूट या बँडने टीव्हीवाल्यांच्या किती तरी आधी जमवलं होतं. दुसऱ्याच्या कल्पनेत सामील होण्याचाही त्याला सराव होता. १९८९मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला झां-पॉल गूद यांनी पॅरिसच्या शाँझेलिझेवर जी भव्य मिरवणूक रचली, तिच्यात अमेरिकेच्या वतीने हाच बँड चालला होता. पण मिरवणुकीचा रस्ता बँडला मानवतो. प्रेक्षक दोन्ही बाजूंना, हाताच्या अंतरावर, आणि बँड त्यांच्यासमोरून जातो. स्टेडियमचा हिशोब वेगळा असतो.

जमिनीवर लिहिलेली रचना

संचलनाची नृत्यरचना कागदावर कशी उतरते, ते जरा जवळून पाहू, कारण २००७ला नेमकं काय हरवलं ते त्याशिवाय कळत नाही.

फुटबॉलचं मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडं रुंद. दर पाच यार्डांवर आडवी पांढरी रेषा, आणि मधल्या भागात छोट्या खुणांच्या दोन ओळी, ज्यांना हॅश म्हणतात. प्रमाण पाऊल साडेबावीस इंचांचं, म्हणजे पाच यार्डांत बरोबर आठ पावलं. झालं, मैदानाचा आलेखाचा कागद तयार. प्रत्येक वादकाच्या हातात एक चिठ्ठी किंवा छोटी वही असते आणि तिच्यात त्याच्या जागा लिहिलेल्या असतात. उदाहरणार्थ: रचना क्रमांक १४, डावीकडच्या ४५ यार्ड रेषेच्या दोन पावलं आत, पुढच्या हॅशच्या चार पावलं मागे. तिथून रचना क्रमांक १५ला सोळा मात्रांत जायचं. मधल्या वाटेवर शेजाऱ्याशी अंतर राखायचं, छाती प्रेक्षकांकडे ठेवायची, आणि फुंकताना श्वास कुठे घ्यायचा तेही ठरलेलं. ट्रम्पेट वाजवत तिरकं मागे चालणाऱ्या पोराला आपण कोणत्या चित्रातला ठिपका आहोत ते दिसत नसतं. त्याला दिसते पायाखालची रेषा आणि कडेच्या डोळ्याने शेजाऱ्याचा खांदा.

चित्र दिसतं ते वर बसलेल्याला. संचलनाला ‘पुढची’ बाजू असते, प्रेस बॉक्सची, म्हणजे पत्रकारांच्या उंच कक्षाची. स्पर्धांमध्ये परीक्षक तिथेच, उंचावर बसतात. ड्रम कॉर्प्स, म्हणजे पितळी वाद्यं आणि ढोलांची संचलन पथकं; त्यांची ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल ही १९७२पासूनची स्पर्धा याचं टोक. तिथला कार्यक्रमही अकरा-बारा मिनिटांचाच, सुपर बोलच्या शोएवढा. पण तो वसंतातल्या शिबिरापासून ऑगस्टच्या अंतिम फेरीपर्यंत महिनोन्महिने घासला जातो, रोज थोडा बदलतो. ही सगळी मेहनत एका स्थिर, उंच डोळ्यासाठी असते. त्या डोळ्याला पापणी नाही, तो जवळ येत नाही, कट करत नाही. रचनाकार एका आकारातून दुसरा आकार उलगडताना प्रेक्षकाला सगळी क्रिया पाहू देतो, आणि मजा त्या उलगडण्यातच असते. वर्तुळाचा बाण झाला याला टाळी पडत नाही, कसा झाला याला पडते.

२००७ला मैदानाचं काय झालं

आता प्रिन्सचा मंच. रचनाकार ब्रूस रॉजर्स. प्रिन्सने स्वतःसाठी घेतलेलं जे चिन्ह होतं, त्याच्याच आकाराचा मंच मैदानाच्या मधोमध, कडेने उजळलेला. असा मंच चाकांच्या गाड्यांवर तुकड्यातुकड्यांनी येतो. पहिला अर्ध संपताच शेकडो स्वयंसेवक ते तुकडे ढकलत आणतात, जोडतात आणि शो संपल्यावर तितक्याच घाईने बाहेर काढतात. जोडायला हातात सहा-सात मिनिटं. खाली खरं गवत, त्यावर पुढचा अर्धा सामना व्हायचा, म्हणून चाकांनी गवत उखडता कामा नये. मंचाभोवती हौशी प्रेक्षकांचा घोळका मैदानात सोडलेला, जेणेकरून कॅमेऱ्यात हातांची हालचाल भरून दिसावी.

हे सगळं जमिनीवर आल्यावर बँडच्या आलेखाच्या कागदाचं काय उरलं? मधला भाग मंचाने व्यापला, त्याच्या भोवतालचा घोळक्याने. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दिवे मालवले. १९६९चा सामना दुपारचा होता. संचलनाची मैदानी परंपरा मुळात दिवसाउजेडी वाढली, किंवा मग पूर्ण पेटलेल्या दिव्यांत. टीव्हीचा शो अंधार मागतो, कारण अंधाराशिवाय प्रकाशयोजनेला अर्थ नाही. अंधार झाला की पांढऱ्या रेषा गेल्या, शेजाऱ्याचा खांदा गेला, आणि वरून पाहणाऱ्याला नारिंगी-हिरवे गणवेशही दिसेनासे झाले.

यावरचा तोडगा मला या संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो. वादकांच्या गणवेशांवर चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. अंधारात माणूस दिसायचा नाही, त्याच्या रेघा दिसायच्या. रंग, चेहरा, वाद्याची पितळी झळाळी यांतलं बरंच काही गमावून एक गोष्ट वाचवली: एकसारखं हलणं. आणि संचलनाचा जीव तिथेच तर असतो. रांगेतली माणसं एका मात्रेवर हलली की चमकत्या रेघा एकदम हलतात आणि पाहणाऱ्याला कळतं की ही नुसती गर्दी नाही, हा बँड आहे. शेजारी उड्या मारणारा घोळका आणि त्यापलीकडे शिस्तीत हलणाऱ्या रेघा, हा फरक पडद्यावर लगेच जाणवतो.

मात्र रेघा म्हणजे रचना नव्हे. १९६९ला या बँडने मैदानावर आकार मांडले असतील, मोडले असतील. ते त्याचं कामच होतं. २००७ला त्याला आकाराचं काम दिलंच नव्हतं. आकार आधीच ठरलेला होता, मंचाचा. बँड त्या आकाराची चौकट झाला. रोखठोक बोलायचं तर, शिकलेल्या पायांचं नेपथ्य झाला.

पाऊस

निर्माते डॉन मिशर हे अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनासारखे सोहळे उभे केलेले अनुभवी गृहस्थ. पाऊस थांबत नाही असं दिसल्यावर त्यांनी प्रिन्सला कळवलं, आणि त्याने उलट विचारलं, अजून जोरात पाडता येईल का? हा किस्सा मिशर यांनीच पुढे अनेकदा सांगितला. फुशारकी म्हणून तो ऐकायला बरा वाटतो, पण त्यात रंगमंचाची पक्की समज आहे. मागून प्रकाश टाकला की पावसाचा थेंब न् थेंब उजळतो. अंधाऱ्या स्टेडियममध्ये दिव्यांचे झोत हवेत दिसायला हवेत म्हणून एरवी धूर सोडावा लागतो. इथे ते काम आभाळाने फुकटात केलं, आणि शेवटचं गाणं ‘पर्पल रेन’ असल्यावर तर जांभळ्या उजेडात दुसऱ्या नेपथ्याची गरजच उरली नाही.

गुळगुळीत मंचावर उंच टाचांत नाचणाऱ्या दोन जुळ्या बहिणींसाठी मात्र तोच पाऊस संकट होता. प्रिन्सच्याही हातात विजेवर चालणारी गिटार, आणि एक नाही, गाण्यांगणिक बदलत चार गिटारी. बँडसाठी पावसाचा हिशोब आणखी निराळा. पितळी वाद्यांचं पाण्याने फारसं बिघडत नाही, ढोलांची पानंही आता प्लॅस्टिकची असतात. जीव जातो तो क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवाल्यांचा, कारण त्यांच्या कळांखालच्या गाद्या पाणी पिऊन फुगतात आणि छिद्रं नीट बंद होत नाहीत. ओल्या गवतावर चालण्याचं म्हणाल तर मला उंच गुडघ्याची शैली तिथे सरस वाटते. ड्रम कॉर्प्सची टाच टेकवून घरंगळत जाणारी चाल कोरड्या मैदानावर देखणी दिसते, पण ओल्यावर ती पुढे सरकताना घसरू शकते. फॉस्टर यांच्या चालीत पाऊल वरून सरळ खाली उतरतं. मंचावर जे निसरडं होतं ते बँडच्या पायाखाली तितकं नसावं. घराबाहेर, सगळ्या हवेत वाजवण्याची सवय ही या कलेची न दिसणारी शिदोरी, आणि त्या रात्री ती कामी आली.

कान आणि लय

दोन कलांमधली सगळ्यात खोल दरी मला आवाजात दिसते, आणि तुलना करणारे तिच्याकडे क्वचितच बघतात.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदान ९१ मीटर लांब. एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर दोन ठोक्यांत अंतर अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे निम्मी मात्रा वाटेतच गळाली. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर लांबलचक ढोल-ताशा पथकाच्या शेपटाला जो वाजवत चालला आहे त्याला हे समजावायला नको: पुढच्या ताशेवाल्याची काठी पडताना दिसते आधी, ऐकू येते नंतर. जो कानावर विसंबला तो मागे पडला.

मार्चिंग बँडने यावर नियम बसवले. लय धरायची ती मधोमध, मागच्या बाजूला असलेल्या ढोलांनी, बँडच्या पुढे उभं राहून इशारे देणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांकडे पाहून. त्यांच्या पुढे असलेल्यांनी मागून येणारा आवाज ऐकत वाजवायचं. म्हणजे सगळ्यांचा आवाज पुढच्या प्रेक्षकाकडे एकाच लाटेत जातो. आवाज कुठून कुठे जाणार, हे रचना कागदावर मांडतानाच ठरतं. ट्रम्पेटवाले डाव्या टोकाला आणि ढोल उजव्या टोकाला गेले तर चित्र कितीही देखणं असो, सूर फाटणार. म्हणून जाणता रचनाकार तसं चित्र काढतच नाही. इथे नृत्यरचना आणि संगीत एकाच कागदावर लिहावं लागतं.

टीव्हीच्या शोने हा प्रश्न तारांनी सोडवला आहे. मंचावरच्या कलाकारांच्या कानात मॉनिटर, बरंचसं संगीत आधी ध्वनिमुद्रित. २०१४च्या सुपर बोलमध्ये रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडची वाद्यं जोडलेलीच नव्हती, हे त्यांच्या बासवादकाने नंतर उघडपणे मान्य केलं. सहा-सात मिनिटांत मंच जोडायचा तर दुसरं करणार तरी काय, हा आयोजकांचा युक्तिवाद चुकीचाही नाही. पण त्याचा परिणाम असा की मैदानावर कोण कुठे उभा आहे याचा आवाजाशी संबंध उरत नाही. ट्रॉम्बोन मंचाच्या उजवीकडे ठेवा की डावीकडे, घरच्या टीव्हीवर फरक शून्य. बँड मग कुठेही उभा करता येतो, आणि कुठेही उभा करता येणाऱ्या बँडची जागा कॅमेरा ठरवतो.

त्यातल्या त्यात त्या रात्रीचं वेगळेपण हे की प्रिन्सची गिटार खरोखर त्या क्षणी वाजत होती. मध्यभागी जिवंत वाजणारा माणूस असला की भोवतीच्या वादकांना धरायला काही तरी मिळतं. तो सुरांशी लपंडाव करू शकतो, एखादी जागा लांबवू शकतो. लांबवलेल्या जागेवर पाय मारत उभं राहणं मार्चिंगवाल्यांना सवयीचं असतं.

एकामागे साडेबाराशे

स्टेडियममध्ये त्या दिवशी ७४,५१२ प्रेक्षक होते. अमेरिकेत टीव्हीवर सामना पाहणारे सरासरी ९ कोटींच्या वर, ९ कोटी ३० लाखांच्या आसपास. म्हणजे आत बसलेल्या एका माणसामागे बाहेर साधारण साडेबाराशे. हा आकडा एकदा समोर ठेवला की शोची मांडणी कोणासाठी आहे यावर वाद घालण्यात अर्थ राहत नाही.

कॅमेऱ्यासाठी रचलेली नृत्यरचना क्षणाक्षणाने बदलते ती माणसं हलवून नव्हे, नजर हलवून. प्रिन्सच्या बोटांवरून वरून टिपलेल्या उजळ चिन्हावर, तिथून पावसात भिजणाऱ्या प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर. त्यासाठी कोणालाही ४५ यार्ड रेषेवर जावं लागत नाही. बँडच्या दृष्टीने याचा अर्थ क्रूर आहे. सोळा मात्रांत उलगडणारा आकार दाखवायला त्या सोळा मात्रा कॅमेरा हलता कामा नये, आणि मध्यंतराच्या शोमध्ये एवढा वेळ एकाच दृश्याला कोणी देत नाही. त्यामुळे टीव्हीवर बँड दिसतो तो जवळून: उचललेला गुडघा, फुगलेले गाल, वर गेलेला सुसाफोनचा कर्णा. ठिपके दिसतात, चित्र नाही. मैदानावरच्या पोराला दिसत नाही तेच आता प्रेक्षकालाही दिसत नाही.

आणि तरीही एक दृश्य असं आहे जिथे प्रिन्सने मैदानाची भाषा वापरली. ‘पर्पल रेन’मध्ये एक भलामोठा कपडा वर फुगवला गेला आणि मागून पडलेल्या प्रकाशात त्याची आणि गिटारची प्रचंड सावली त्यावर उमटली. काहींना ती अश्लील वाटली, त्यावर तक्रारीही झाल्या. ते सोडून देऊ. मांडणी म्हणून पाहिलं तर हा एकच क्षण आहे जो शेवटच्या रांगेतल्या माणसाला भिंगाशिवाय दिसला असेल. एक ठाम आकार, एक पुढची बाजू, आणि तो पुरेसा वेळ तसाच ठेवलेला. कुठल्याही कवायत शिक्षकाने हीच मागणी केली असती. फरक इतकाच की शंभर माणसांचा आकार करण्याऐवजी एका माणसाचा शंभरपट केला.

मग बँडचा फायदा झाला की तोटा

माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. शोला बँडचा फायदा निःसंशय झाला. मधोमध एक लहानखुरा माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि त्याच्याभोवती रिकामं ओलं मैदान असतं तर ते दृश्य एकाकी वाटलं असतं. नाचणाऱ्यांचा ताफा वाढवून ती पोकळी भरता आली असती, पण भाड्याने गोळा केलेल्या ताफ्यात वर्षानुवर्षं एकत्र चाललेल्या पायांचं वजन येत नाही. शिवाय प्रिन्सने त्या रात्री स्वतःच्या गाण्यांइतकीच इतरांची गाणी घेतली, रॉकपासून सोलपर्यंत. दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीय विद्यापीठाचा बँड त्या संगीताच्या शेजारी उभा असणं याला अर्थ होता, आणि तो समजावून सांगायची गरज पडली नाही.

संचलनकलेच्या बाजूने मात्र मी इतका खूश नाही. ज्या बँडची ओळख वेगाच्या टोकांत आणि आकारांच्या मोडजोडीत, त्याला नऊ कोटी लोकांसमोर त्यातलं जवळजवळ काहीच करता आलं नाही. प्रसिद्धी मिळाली, विद्यापीठाचं नाव घराघरांत गेलं, याला मी कमी लेखत नाही. बँडचे संचालक ज्युलियन व्हाइट यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यानेही होच म्हटलं असतं. पण बँडला जास्त जागा देता आली असती का, हा प्रश्न उरतो. मला वाटतं, अर्ध्या मिनिटाची उघडी जागा पुरली असती: वरचा कॅमेरा स्थिर, अंधार, आणि चमकत्या रेघांनी एक आकार मोडून दुसरा मांडायचा. पट्ट्या होत्याच, माणसंही तयारीची होती. अडचण फक्त घोळक्याची आणि निर्मात्यांच्या मनातल्या भीतीची, की अर्धा मिनिट प्रिन्स दिसला नाही तर लोक चॅनल बदलतील. १९९२ची जखम तेव्हा पंधरा वर्षं जुनी झाली होती, पण भरली नव्हती.

शिस्तीचं गुणगान करताना या बँडच्या इतिहासातलं एक काळं पानही नजरेआड करता येत नाही. २०११मध्ये त्याच्या एका ड्रम मेजरचा सहकाऱ्यांच्याच मारहाणीत, बँडमधल्या छळाच्या प्रथेपायी, मृत्यू झाला आणि बँड २०१३पर्यंत मैदानाबाहेर राहिला. एकसारख्या हलणाऱ्या रांगेमागे काय काय दडलेलं असू शकतं, ते लांबून कळत नाही.

नंतर कोणी काय केलं

मियामीनंतर बँड सुपर बोलमध्ये येत राहिले, आणि प्रत्येक वेळी तीच गाठ सोडवावी लागली. २०१६ला सांता क्लारात कोल्डप्ले या रॉक बँडसोबत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीचा बँड होता. पश्चिम किनाऱ्यावरची वेळ असल्याने शो उजेडात झाला, त्यामुळे रंग वापरता आले, पण प्रकाशयोजना गमवावी लागली. २०२४ला लास वेगासमध्ये गायक अशरसोबत जॅक्सन स्टेट विद्यापीठाचा ‘सॉनिक बूम ऑफ द साउथ’ हा बँड आला. बंदिस्त स्टेडियम, पावसाची चिंता नाही.

मला पटलेलं उत्तर मात्र सुपर बोलबाहेर सापडलं. एप्रिल २०१८मध्ये कोचेलाच्या संगीत महोत्सवात गायिका बियॉन्सेने कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या मध्यंतराचाच शो उभा केला, आणि वादक-नर्तकांना पायऱ्यांच्या पिरॅमिडवर चढवलं. बारकाईने पाहिलं तर ते मैदानच आहे, एका कडेवर उभं केलेलं. जमिनीवर मांडलेली रांग समोरच्या माणसाला एका रेषेत दबलेली दिसते, तीच पायऱ्यांवर पूर्ण उघडते. कॅमेरा उंचावर नेण्याऐवजी मैदानच कॅमेऱ्याकडे कललं. ठिपके आणि चित्र दोन्ही एकाच दृश्यात.

गंमत म्हणजे संचलनवालेही त्याच वेळी त्याच दिशेने निघाले होते. ड्रम कॉर्प्समध्ये २००४पासून ध्वनिवर्धकांना आणि २००९पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना मुभा मिळाली. २०१६ला ओहायोतल्या कँटनच्या ब्लूकोट्स या पथकाने मैदानावर मोठाले पांढरे उतार ठेवले, वादक त्यांवर चढले, त्यांवरून घसरत खाली आले, आणि त्या वर्षी त्यांनी आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. या उतारांची किंमत जागेत आणि वेळेत मोजावी लागते. उतार जिथे ठेवला तिथून चालता येत नाही, म्हणजे आलेखाच्या कागदाचा तेवढा तुकडा कापला गेला. आणि तो ढकलत आत आणायला, लावायला आणि बाहेर काढायला ठरलेलीच मिनिटं असतात, ती ओलांडली की गुण कापले जातात. डॉल्फिन स्टेडियमच्या स्वयंसेवकांना गुणांची काळजी नव्हती. त्यांना फक्त मैदान वेळेत रिकामं करायचं होतं, कारण दुसरा अर्ध व्हायचा होता. तो त्याच ओल्या गवतावर झाला आणि कोल्ट्सनी सामना २९–१७ असा जिंकला.